जुन्या उबुंटूला धक्का न लावता नवं स्क्राइबस वेगळं कसं चालवावं?

चरईकर | ४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयाला यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होतायत. स्मरणिका काढायची आहे, ९६ पानांची, आणि मांडणीचं काम माझ्याकडे आलंय. ते मी स्क्राइबस या पानं मांडायच्या प्रोग्राममध्ये करणार आहे. वाचनालयात संगणक एकच. चौथ्या पिढीचा आय-३, ८ जीबी रॅम, वर उबुंटू या लिनक्स प्रणालीची जुनी १८.०४ आवृत्ती. त्याला ए३ आकाराचा स्कॅनर जोडलेला आहे आणि खरी गोम तिथेच आहे.

सुरुवातीच्या काळातली हस्तलिखित मासिकं आम्ही त्या स्कॅनरवर उतरवून घेतोय. पानं मोठी आहेत, शिवण घट्ट आहे, कागद इतका ठिसूळ झालाय की दोनदा उलटायला भीती वाटते. स्कॅनरचा ड्रायव्हर कंपनीने एकदाच दिला, तोही बंद स्वरूपातला, आणि नंतर त्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या डिस्कवर नवं उबुंटू २२.०४ टाकून बघितलं. स्कॅनर दिसतो, पण पहिल्याच पानाला अडकून बसतो. १८.०४ वर मात्र सहा वर्षं एकदाही रुसला नाही.

आता दुसरी बाजू. १८.०४ बरोबर येणारं स्क्राइबस १.४ मालिकेतलं आहे आणि त्याला मराठी जुळवता येत नाही. 'किल्ला' लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर. १.५.३ पासून अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या लायब्ररीकडे (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडकडे) गेलं तेव्हा हे सुधारलं आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६ ही स्थिर आवृत्ती आली. मला ती हवी आहे.

नव्या उबुंटूतलं डेब पॅकेज (प्रोग्राम बसवायची फाइल) थेट बसवायचा प्रयत्न केला. ॲप्ट (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) म्हणालं, अमुक अमुक वीस पॅकेजं काढून टाकू का? त्या यादीत स्कॅनरची लायब्ररी होती. मी 'नाही' दाबलं आणि संगणक बंद करून घरी आलो.

तर प्रश्न असा: स्कॅनरची व्यवस्था अजिबात न हलवता नवं स्क्राइबस त्याच यंत्रावर वेगळं कसं ठेवता येईल? इनस्क्रिप्ट मांडणीने मराठी टंकता आलं पाहिजे, आमचे फॉन्ट दिसले पाहिजेत, आणि स्कॅन केलेली चित्रं थेट पानात घेता आली पाहिजेत.

---

कळव्याचा_पूल | ४ जुलै, रात्री १०:३१

२४.०४ टाका आणि नवा स्कॅनर घ्या. किती दिवस जुनं सांभाळणार?

---

चरईकर | ४ जुलै, रात्री १०:४०

ए३ स्कॅनरची किंमत बघा दादा. वाचनालयाची वार्षिक वर्गणी अजून तीन आकड्यांत आहे. नवा घेणं या वर्षी तरी शक्य नाही.

---

घणसोलीकर | ४ जुलै, रात्री ११:०५

ॲप्टला 'नाही' म्हणालात ते उत्तम केलंत. त्या क्षणी 'हो' दाबलेली बरीच यंत्रं माझ्याकडे येतात.

आधी हे का होतं ते सांगतो, म्हणजे पुढचे उपाय कळतील. लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम ग्लिबसी या मूळ लायब्ररीवर उभा असतो. १८.०४ मध्ये ती २.२७ आहे, २०.०४ मध्ये २.३१, २२.०४ मध्ये २.३५, २४.०४ मध्ये २.३९. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या ग्लिबसीवर चालतो, कारण जुनी दारं त्यात जपून ठेवलेली असतात. उलट मात्र होत नाही. बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांच्या फलाटाला लागली तर कुणाचंच काही बिघडत नाही. पंधरा डब्यांची गाडी बारा डब्यांच्या फलाटाला लावली, की शेवटच्या तीन डब्यांतल्या लोकांनी उतरायचं कुठे? नेमकं हेच 'जी-लिब-सी २.३४ सापडली नाही' या संदेशात म्हटलेलं असतं.

आणि फलाट वाढवायला जाऊ नका, म्हणजे यंत्रावरची ग्लिबसी स्वतः बदलू नका. लॉगिनपासून एलएससारख्या साध्या आज्ञेपर्यंत सगळं तिच्यावर चालतं.

तुमच्यासाठी फ्लॅटपॅक. त्यात प्रोग्राम स्वतःचा फलाट घेऊनच येतो. त्याला रनटाइम म्हणतात आणि त्यात ग्लिबसी, क्यूटी (खिडक्या-बटणांची लायब्ररी), मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) सगळं असतं. बाहेरच्या यंत्राचं फक्त कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरलं जातं. फ्लॅटहब या त्याच्या भांडारात स्क्राइबस आहे.

---

कोपरीचे_आप्पा | ५ जुलै, सकाळी ६:५०

घणसोलीकर, ठाण्यात पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, तेव्हापासून इथे सगळं गाडीवरूनच समजावतात. उदाहरण फार आवडलं, आता नातवाला सांगतो.

माझं मत ॲपइमेजला. एकच फाइल उतरवायची, तिला चालवायची परवानगी द्यायची, दोनदा क्लिक. नको झाली की फाइल पुसायची. कुठे काही बसत नाही, सेटिंगची एखादी फाइल सोडली तर काही उरत नाही. माझ्या वयाच्या माणसाला हे समजतं. 'फ्यूज नाही' अशी तक्रार आली तर जुनी फ्यूज २ लायब्ररी लागते. ती १८.०४ मध्ये असतेच, २२.०४ पासून आपणहून येत नाही. तेही नको असेल तर फाइल उलगडून फोल्डर करता येतो आणि आतली ॲपरन फाइल चालवता येते.

---

घणसोलीकर | ५ जुलै, सकाळी ९:१५

आप्पा, ॲपइमेज मलाही आवडतं, पण दोन गोष्टी. एक, त्यात बहुतेक लायब्ररी बरोबर येतात, ग्लिबसी सहसा येत नाही. ती बाहेरचीच वापरली जाते. म्हणून चांगले लोक ॲपइमेज मुद्दाम जुन्या यंत्रावर बांधतात. नव्यावर बांधलेलं असेल तर चरईकरांना परत तोच संदेश दिसेल. दुसरं, त्याला स्वतःची भिंत नसते. तो तुमच्या सगळ्या होम फोल्डरमध्ये हिंडू शकतो.

---

कोपरीचे_आप्पा | ५ जुलै, सकाळी ९:४०

ग्लिबसीचं माहीत नव्हतं. माझी दोन ॲपइमेज का उघडत नाहीत ते आज कळलं. धन्यवाद.

---

वागळे_लेथ | ५ जुलै, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. आमचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे. मिलिंग मशीन लिनक्ससीएनसी या नियंत्रक प्रोग्रामवर चालतं, डेबियन १० वर (उबुंटूसारखीच लिनक्स प्रणाली), प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (वेळ अचूक पाळणारं), पॅरलल पोर्टमधून स्टेपर मोटरना पल्स. हे यंत्र मी बदलत नाही. जुळलेली घडी आहे.

मलाही नवं फ्रीकॅड (त्रिमितीय ड्रॉइंगचा प्रोग्राम) त्याच यंत्रावर हवं होतं. १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, आणि त्यात एक जुनं दुखणं बरंच कमी झालंय. आधी काय व्हायचं, पहिल्या स्केचमध्ये एक रेघ बदलली की पुढच्या सगळ्या फेसची (पृष्ठभागांची) नावं बदलायची आणि मॉडेल कोसळायचं. ॲपइमेज उतरवलं, चाललं, खूश झालो.

मग एक दिवस जॉब चालू असताना ड्रॉइंग बघायला फ्रीकॅड उघडलं आणि मॉडेल जरा फिरवलं. पडद्यावर 'अनपेक्षित रिअलटाइम विलंब' असा संदेश आला आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटवर एक पायरी उमटली. एक मिलिमीटरसुद्धा नसेल, पण जॉब भंगारात.

सांगायचं ते हे. भिंत लायब्ररींमध्ये घातली तरी कर्नल एकच, सीपीयू एकच, ग्राफिक्स कार्ड एकच. फ्लॅटपॅक घ्या, डॉकर (प्रोग्राम खोक्यात चालवायचं साधन) घ्या, आतल्या प्रोग्रामने ग्राफिक्स जोरात चालवलं की बाहेरच्या पल्स डगमगतात. आता ड्रॉइंगसाठी वेगळा संगणक आहे आणि मशीनकडे फक्त जी-कोडची (मशीनच्या हालचालींच्या आज्ञांची) फाइल जाते. चरईकरांच्या स्कॅनरला मायक्रोसेकंदांचा हिशोब नसतो, त्यामुळे त्यांचं निभेल. तरी स्कॅन चालू असताना ९६ पानांची पीडीएफ काढू नका.

---

येऊरवाली | ५ जुलै, दुपारी ३:०२

मी डिझाइनचं काम करते, रोज इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रामवर. वर्षभर डिस्ट्रोबॉक्स वापरतेय. जुन्या यंत्रात नव्या उबुंटूचं एक खोकं करायचं, त्यात ॲप्टने हवं ते बसवायचं, आणि एक्सपोर्टची आज्ञा दिली की तो प्रोग्राम बाहेरच्या मेनूत येतो. वापरणाऱ्याला कळतही नाही की तो खोक्यात आहे.

पण हाच त्याचा धोका. डिस्ट्रोबॉक्स तुमचा होम फोल्डर जसाच्या तसा आत देतो. बाहेर माझं इंकस्केप ०.९२ होतं, आत १.३. दोघांची सेटिंगची फाइल एकाच ठिकाणी. आतल्याने ती आपल्या पद्धतीने लिहिली आणि बाहेरच्यातले माझे सगळे शॉर्टकट गेले. खोकं करतानाच होमची वेगळी जागा द्यायचा पर्याय असतो, तो वापरा. मी आता काही वेगळं करतच नाही त्याशिवाय.

अजून एक. १८.०४ च्या भांडारात खोकी चालवणारं पॉडमन नाही, त्यामुळे डॉकर लागेल. डॉकर जुनं असलं तर २२.०४ चं खोकं उघडल्या उघडल्या ॲप्ट अपडेटमध्ये चाव्या आणि सह्यांच्या चुका दाखवतं. मी दोन दिवस चाव्या बदलत बसले. दोष चाव्यांचा नव्हताच. नवी ग्लिबसी क्लोन३ नावाचा सिस्टम कॉल (कर्नलला केलेली विनंती) वापरते आणि जुनं डॉकर त्याला 'परवानगी नाही' म्हणतं. डॉकर २०.१०.१० पासून ते दुरुस्त झालंय. कुणाचे दोन दिवस वाचावेत म्हणून लिहिलं.

---

ऐरोली_नाका | ५ जुलै, दुपारी ३:३०

येऊरवाली ताई, माझे तीन दिवस गेले होते. आज समजलं. वाचनखूण साठवली.

---

जुना_जाणता | ५ जुलै, रात्री ८:४५

हे सगळं यायच्या आधी आम्ही डीबूटस्ट्रॅपने एका फोल्डरमध्ये अख्खं डेबियन उतरवायचो आणि सीरूट करून (तो फोल्डरच मूळ प्रणाली मानून) आत शिरायचो. एक्सचं (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या व्यवस्थेचं) सॉकेट आत जोडलं की खिडकी बाहेर दिसायची. आजही चालतं, रॅमही जास्त लागत नाही. पण सीरूट ही सुरक्षेची भिंत नाही, आत रूट (सर्वाधिकारी) असलेला माणूस बाहेर येऊ शकतो.

कर्नलची एक मर्यादा लक्षात ठेवा. २.२६ पासून ग्लिबसीला किमान ३.२ कर्नल लागतं. चरईकरांचं ४.१५ असेल, म्हणजे काळजी नाही. पण कुणाकडे अजून सेंटओएस ६ ही जुनी लिनक्स प्रणाली असेल तर त्याचं २.६.३२ आहे, तिथे 'कर्नल फार जुनं' एवढंच छापून सगळं थांबतं. त्यावर खोकं, फ्लॅटपॅक, कशाचाच उपाय नाही. तिथे आभासी यंत्रच (संगणकाच्या आत चालवलेला वेगळा संगणक).

---

खारघर_रात्रपाळी | ६ जुलै, पहाटे २:१८

इथे 'वेगळं' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातोय, आणि त्यात गल्लत झाली तर महागात पडते.

एक वेगळेपण म्हणजे लायब्ररी एकमेकांत मिसळू नयेत. चरईकरांना हे हवं आहे आणि वर सांगितलेल्या सगळ्या उपायांत ते मिळतं. दुसरं वेगळेपण म्हणजे आतला प्रोग्राम बिघडला किंवा फितूर झाला तरी बाहेरच्याला इजा होऊ नये. ते डिस्ट्रोबॉक्समध्ये नाही, ॲपइमेजमध्ये नाही, सीरूटमध्ये नाही. फ्लॅटपॅकमध्ये आहे, कारण तो बबलरॅपच्या साहाय्याने आतल्या प्रोग्रामला वेगळी फाइलव्यवस्था दाखवतो. पण तिथेही परवानग्या बघाव्या लागतात. पुष्कळ प्रोग्राम 'होस्ट' ही परवानगी घेऊन येतात, म्हणजे तुमचा सगळा होम फोल्डर त्याला खुला. फ्लॅटसील (या परवानग्या दाखवणारा प्रोग्राम) बसवा आणि एकेक परवानगी डोळ्यांनी वाचा.

आणि या सगळ्याच्या वर एक्स११. १७.१० मध्ये उबुंटूने वेलँड (एक्सचा नवा पर्याय) मुख्य केलं होतं, १८.०४ ला परत एक्सवर आले. एक्सची रचना १९८० च्या दशकातली आहे, तिथे एकाच पडद्यावरचे सगळे प्रोग्राम एकमेकांचे विश्वासू मानलेले आहेत. एक टर्मिनल उघडा, एक्सइनपुटची टेस्ट आज्ञा चालवा आणि मग दुसऱ्या कुठल्याही खिडकीत काहीही टंका. प्रत्येक कळ पहिल्या टर्मिनलमध्ये उमटेल. त्यासाठी रूट असायची गरज नाही. म्हणजे फ्लॅटपॅकने फाइली झाकल्या तरी एक्सचं सॉकेट दिलं की कळफलक उघडाच. ज्याला खरोखर वेगळं ठेवायचंय त्याने झेफिरसारखा पडद्यातला पडदा वापरावा, म्हणजे आतल्याला फक्त त्याचाच पडदा दिसतो.

स्क्राइबसवर माझा भरवसा आहे, त्यासाठी एवढं नको. पण त्या वाचनालयाच्या यंत्रावर कुणी बँकेचं काम करत असेल तर ते आजच थांबवा. १८.०४ चा नेहमीचा आधार मे २०२३ मध्ये संपला. उबुंटू प्रोची नोंदणी केलीत तर २०२८ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतील, आणि व्यक्तिगत वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. स्क्राइबसच्या आधी ते करा.

---

घणसोलीकर | ६ जुलै, सकाळी ८:५०

रात्रपाळीला +१. मी फ्लॅटपॅक म्हणालो तेव्हा दोन अर्थ वेगळे करून सांगायला हवे होते.

---

चरईकर | ६ जुलै, रात्री ९:३०

बँकेचं काम होत होतं. चिटणीसकाकांना फोन करून सांगितलं, ते आता मोबाइलवर करतील. प्रोची नोंदणीही झाली.

घणसोलीकर, १८.०४ च्या भांडारातलं फ्लॅटपॅक खूप जुनं दिसतंय. चालेल?

---

घणसोलीकर | ६ जुलै, रात्री ९:५२

नाही, ते १.० मालिकेतलं आहे. फ्लॅटहबवरचे बरेच प्रोग्राम 'नवं फ्लॅटपॅक हवं' म्हणून अडतील. फ्लॅटपॅकच्या पीपीएमधून (उबुंटूच्या मूळ भांडाराबाहेरच्या भांडारातून) नवं घ्या. त्याआधी क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. पीपीए फार थोड्या पॅकेजांना हात लावतो, तरी ठिसूळ कागद आणि बंद ड्रायव्हर या दोन गोष्टींजवळ सावकाश जावं. आणि प्रोग्राम बसवताना 'यूजर'चा पर्याय द्या, म्हणजे सगळं तुमच्या होममध्येच राहील, यंत्राच्या मूळ फाइलींमध्ये काही जाणार नाही. पहिल्या वेळी रनटाइममुळे डाउनलोड बरंच मोठं होईल, वाचनालयातलं इंटरनेट बघून करा.

---

नौपाड्याची_मावशी | ७ जुलै, सकाळी ११:१०

मराठी टंकनाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. मी मासिकांची मुद्रितं तपासते, गेली सात वर्षं लिनक्सवर.

खोक्यातल्या प्रोग्रामला आयबस कधी भेटतो, कधी भेटत नाही. आयबस हा मराठी टंकायला मदत करणारा, बाहेर चालणारा वेगळा प्रोग्राम, त्याचा निरोप आत पोचावा लागतो. पण तुम्ही इनस्क्रिप्टवाले ना? मग आयबसची गरजच नाही. इनस्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी म्हणूनच एक्सकेबीमध्ये (एक्सच्या कळफलक-व्यवस्थेत) आहे, थेट सेटिंगमधून निवडता येते. ती एक्सच्या पातळीवर लागू होते, म्हणून खोकं कुठलंही असो, आत देवनागरीच पोचतं. ज्यांना ध्वन्यात्मक हवं त्यांच्यासाठी कगप मांडणीही आहे तिथे.

स्क्राइबस चालू झालं की हे शब्द आधी तपासा: किल्ला, कार्यकर्ता, दऱ्या, तऱ्हा, वाङ्मय, उद्घाटन, हृदय, श्रद्धांजली. 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे उमटले तर निम्मी लढाई जिंकलात. रफार आणि चंद्रकोरी र यांत गोंधळ झाला तर स्मरणिकेत डोंगरदऱ्यांऐवजी समुद्र येईल!

---

कळव्याचा_पूल | ७ जुलै, सकाळी ११:२५

शेवटचं वाक्य वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. मावशी, नमस्कार.

---

ऐरोली_नाका | ७ जुलै, दुपारी १२:४०

थोडं विषयाबाहेर. पन्नासाव्या वर्षीची स्मरणिका निघाली असेल ना? तिचा मजकूर पेजमेकर या जुन्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये असेल तर तो युनिकोडमध्ये नसणार. आमच्या सोसायटीचा जुना अंक उघडला तर सगळीकडे इंग्रजी चिन्हंच दिसली. तेव्हाच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे.

---

नौपाड्याची_मावशी | ७ जुलै, दुपारी १:०५

हो, आणि प्रत्येक फॉन्टघराची जुळवणी निराळी. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रूपांतरानंतर एकदा डोळ्यांखालून घालावंच लागतं. विशेषतः रफार, वेलांट्या आणि ऱ्ह. मजकूर पन्नास पानांच्या आत असेल तर मी तपासून देईन, चरईकर. पैसे नकोत. हस्तलिखितं बघायला मिळाली तर आनंद होईल.

---

पारसिक_टेकडी | ७ जुलै, रात्री ९:१५

एनव्हिडियाचं जुनं कार्ड असणाऱ्यांसाठी. फ्लॅटपॅकमधला प्रोग्राम काळी खिडकी दाखवत असेल तर फ्लॅटपॅकचा एनव्हिडिया जीएल एक्स्टेंशन तुमच्या यंत्रावरच्या ड्रायव्हरच्या अगदी त्याच आवृत्तीचा आहे का बघा. यंत्राचा ड्रायव्हर वर गेला की फ्लॅटपॅकही अद्ययावत करावं लागतं. इंटेल आणि एएमडीवाल्यांना हा त्रास नाही, रनटाइममधलं मेसाच काम करतं.

---

चरईकर | ९ जुलै, रात्री १०:४८

दोन दिवस बाहेर धो धो पाऊस आणि आत मी, क्लोनझिलाची निळी पट्टी बघत. प्रत निघाली, पीपीए जोडला, स्क्राइबस बसलं, उघडलं.

सगळ्यात आधी स्कॅनर तपासला. चालतोय.

मग मावशींचे शब्द. किल्ला बरोबर, दऱ्या आणि दर्या वेगळे, वाङ्मयातला ङ सुटा उभा नाही तर नीट जोडलेला. श्रद्धांजलीसुद्धा सरळ. आयबस बंद करून एक्सकेबीची मांडणी लावली, पहिल्याच कळेपासून मराठी. फॉन्टसाठी काही करावंच लागलं नाही, बाहेरच्या यंत्रावरचे आणि माझ्या होममधले दोन्ही आपसूक दिसले.

आता अडचण. रात्रपाळींचं ऐकून फ्लॅटसीलमध्ये फाइलींची परवानगी पूर्ण काढली, नेटवर्कही काढलं. मग स्क्राइबसमधून फाइल उघडायला गेलो तर आत माझे फोल्डरच नाहीत. म्हणून बाहेर फाइल मॅनेजरमध्ये जाऊन स्मरणिकेच्या फाइलवर दोनदा क्लिक केलं. उघडली! पण सगळी चित्रं गायब, चौकटींत नुसत्या फुल्या. फाइलचा पत्ता बघितला तर भलताच, 'रन'खालच्या 'डॉक' नावाच्या कुठल्यातरी जागेतला. ही जागा मी कधी केलीच नाही.

---

खारघर_रात्रपाळी | १० जुलै, पहाटे १:०७

यात माझी चूक आहे, अर्धंच सांगितलं. परवानगी काढायची आणि मग नेमकी तेवढीच परत द्यायची.

झालं असं. प्रोग्रामला तो फोल्डर दिसत नाही, म्हणून फ्लॅटपॅकने ती एकच फाइल एका खिडकीतून आत सरकवली. तो 'डॉक'चा पत्ता म्हणजे ती खिडकी. स्क्राइबस चित्रं पानात साठवत नाही, त्यांचे पत्ते साठवतं, तेही फाइलच्या जागेपासून मोजलेले. खिडकीतून फाइल आली, शेजारचा चित्रांचा फोल्डर आला नाही, म्हणून फुल्या.

फ्लॅटसीलमध्ये 'इतर फाइली' या भागात फक्त स्मरणिकेच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. आत आणि बाहेर पत्ता एकच राहतो, चित्रं सापडतील. स्कॅनची मूळ चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये असतील तर तो फक्त वाचण्यापुरता द्या, पत्त्याच्या शेवटी इंग्रजी कोलन (:) आणि 'आरओ' (ro) लावून. मूळ स्कॅन चुकूनही बदलले जाणार नाहीत. आणि फुल्या असलेली फाइल आत्ता साठवू नका!

---

चरईकर | १० जुलै, सकाळी ७:२०

साठवली नव्हती. फोल्डर दिला, सगळी ४१ चित्रं जागेवर आली. मूळ स्कॅनचा फोल्डर वाचण्यापुरताच ठेवलाय. ही कल्पना मला सर्वात आवडली. ती पानं परत स्कॅन करता येणार नाहीत, काही तर दुसऱ्यांदा उलटण्यासारखी उरलेली नाहीत.

---

नेरुळ_पूर्व | १० जुलै, दुपारी ४:३३

उशिरा आलो, सगळा धागा वाचला. एक उलटा विचार मांडतो, रागावू नका.

इथे सगळे नव्याला खोक्यात घालतायत. पण धोकादायक काय आहे? जुनं उबुंटू. नाजूक काय आहे? तेही जुनं उबुंटू. मग खोक्यात त्यालाच का घालू नये? यंत्रावर २४.०४ बसवा, आत केव्हीएमचं (लिनक्समधल्या आभासी यंत्रांच्या सोयीचं) आभासी यंत्र करून त्यात १८.०४ जसंच्या तसं ठेवा, नेटवर्क पूर्ण बंद, आणि स्कॅनरचं यूएसबी त्यात सरळ जोडा. चौथ्या पिढीच्या आय-३ मध्ये व्हीटी-एक्स (आभासी यंत्रांसाठीची प्रोसेसरची सोय) आहे. व्हीटी-डी (हार्डवेअर थेट आत देण्याची सोय) नाही, पण यूएसबी आत द्यायला ते लागतही नाही. स्कॅन करण्यापुरतं १८.०४ ला २-३ जीबी रॅम पुरेल. स्कॅन बाहेर आणायला व्हर्टआयओचा सामायिक फोल्डर, त्यालाही नेटवर्क नको. मग पुढची दहा वर्षं हा संगणक बदला, दुसरा घ्या, ते आभासी यंत्र म्हणजे फक्त एक फाइल. कॉपी करा आणि चालवा.

आज हा संगणक मेला तर तुमच्या स्कॅनरचं काय?

---

जुना_जाणता | १० जुलै, सायंकाळी ६:१०

विचार पटला, पण एक शंका. स्कॅनर कधी कधी सुरू होताना स्वतःला यूएसबीवरून काढून परत जोडतात, फर्मवेअर चढल्यावर. तेव्हा आभासी यंत्राच्या हातून तो निसटतो आणि बाहेरच्या यंत्राकडे जातो. मी हे दोनदा बघितलंय.

---

नेरुळ_पूर्व | १० जुलै, सायंकाळी ६:४५

बरोबर. तसं झालं तर एकेक उपकरण न देता यूएसबीचा अख्खा कंट्रोलर द्यावा लागतो, आणि मग मात्र व्हीटी-डी लागतं. म्हणून आधी तपासायला हवं. चालू यंत्राला हात न लावता करता येईल: दुसऱ्या डिस्कवर २४.०४, आणि क्लोनझिलाची जी प्रत काढलीत तीच आभासी डिस्कवर उतरवायची.

---

चरईकर | १० जुलै, रात्री ११:२२

नेरुळकर, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून दोन तास अस्वस्थ आहे. तो संगणक २०१४ चा आहे. कपाटात अजून तीनशेच्या वर पानं आहेत आणि मी फक्त स्मरणिकेपुरता विचार करत होतो.

स्मरणिका फ्लॅटपॅकमध्येच पूर्ण करतो, ते आता छान चाललंय आणि छापखान्याला पीडीएफ महिनाअखेरीस द्यायची आहे. पण तुमचा प्रयोग त्याआधीच करायचा आहे. २२.०४ वाली डिस्क पडून आहे, ती पुसतो. आभासी यंत्र मी आयुष्यात केलेलं नाही. कुणी प्रत्यक्ष येऊ शकेल का? वाचनालय रविवारी सकाळी उघडं असतं.

---

नेरुळ_पूर्व | ११ जुलै, सकाळी ७:०५

मी येतो. नेरुळहून ठाण्याची थेट लोकल आहे, साडेदहाला पोचेन. २४.०४ चा पेनड्राइव्ह माझ्याकडे आहे. स्कॅनरची यूएसबी केबल तपासून ठेवा, जुनी सैल केबल आणि आभासी यंत्र यांत कोण चुकतंय ते ओळखणं फार अवघड जातं.

---

नौपाड्याची_मावशी | ११ जुलै, सकाळी ७:३०

मीही येते. लाल पेन आणि पातळ सुती हातमोजे आणते. ठिसूळ पानं उलटायची मला सवय आहे, तुम्ही दोघं यंत्र बघा.

---

कोपरीचे_आप्पा | ११ जुलै, सकाळी ७:४१

माझ्याकडे चांगली दोन मीटरची यूएसबी केबल आहे. साडेदहाला आणून देतो आणि बघत बसतो.